अकरा मैलांचा हिशेब

लेखापरीक्षकाच्या धंद्यात एक गोष्ट लौकर कळते. तपासनीस येणार आहे हे ठाऊक असलेल्या वह्या बहुधा स्वच्छच असतात. माणसाची खरी परीक्षा होते ती ज्या वहीकडे कोणी कधी बघणार नाही त्या वहीत. एकतीस वर्षे मी दुसऱ्यांच्या वह्या उलटल्या, लाल पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केल्या आणि अमुक पावती जोडलेली नाही, तमुक रकमेचा खुलासा व्हावा, असे शेरे मारले. परंतु ज्या हिशेबाला पावती नाही, तपासनीस नाही, आणि जो खोटा ठरला तरी कोणाचे एका पैचे नुकसान नाही, अशा हिशेबाचे काय करायचे, हा प्रश्न मला पडला तो निवृत्तीनंतर. आणि तोही कचेरीत नव्हे, तर अमेरिकेतल्या मेन राज्यात, भर शरदातल्या एका रानात.

अमेरिकेच्या पूर्व अंगाला, समुद्रापासून थोडे अंतर राखून, एक फार जुनी डोंगरांची ओळ दक्षिणोत्तर गेली आहे. आपल्या सह्याद्रीचा ताठा तिला नाही. वयाने आलेला गोलवा मात्र आहे. दक्षिणेस जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून उत्तरेस मेनमधल्या कटाडिन शिखरापर्यंत, चौदा राज्यांतून, या ओळीच्या माथ्यामाथ्याने एक पायवाट जाते. तिला अपलाचियन ट्रेल म्हणतात. लांबी सुमारे २,२०० मैल, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरांहून थोडी अधिक. बेंटन मॅकाय नावाच्या गृहस्थाने १९२१ साली वास्तुविशारदांच्या एका मासिकात लेख लिहून ही कल्पना मांडली आणि १९३७ साली वाट सलग जोडली गेली. लेख लिहून वाट होते, हे आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांनी अधूनमधून आठवण्यासारखे आहे. दर वर्षी हजारो माणसे ही वाट एका दमात चालायला निघतात. दम म्हणजे पाच-सहा महिन्यांचा! चारांतला एखादा शेवटाला पोचतो. मार्च-एप्रिलात दक्षिणेकडून निघालेला माणूस वसंताचा हात धरून उत्तरेकडे सरकतो आणि मेनमध्ये पाऊल टाकतो तेव्हा शरद आलेला असतो. ऑक्टोबरच्या मध्याला कटाडिनच्या पायथ्याचे मुक्काम बंद होतात, तेव्हा शेवटचा महिना हा झाडांच्या पानांशी लावलेल्या शर्यतीचा.

वाट चुकू नये म्हणून झाडांच्या बुंध्यांवर, आणि झाडे नसतील तिथे खडकांवर, पांढऱ्या रंगाची उभी पट्टी रंगवलेली असते. दोन इंच रुंद, सहा इंच उंच. एक मागे पडली की थोड्या वेळाने पुढची दिसते. पाण्याकडे किंवा निवाऱ्याकडे नेणाऱ्या, अथवा वादळात माथा टाळून खालून जाणाऱ्या ज्या आडवाटा फुटतात, त्यांच्या खुणा निळ्या. आणि तिसरा एक रंग आहे, तो कोणत्याच झाडावर नाही. तो पिवळा. मोटाररस्त्याच्या मधोमध पिवळी रेघ असते तीवरून हे नाव पडले. मधला एखादा तुकडा मोटारीने टाळून जो पुढच्या गावी उतरतो, तो पिवळ्या खुणांवरून आला, असे म्हणतात. म्हणताना हसतात, पण ते हसणे फारसे निर्मळ नसते.

सगळी वाट चालून झाली की तिची देखभाल पाहणाऱ्या संस्थेकडे एक अर्ज पाठवायचा. संस्था प्रमाणपत्र देते आणि आपले नाव यादीत घालते. त्या अर्जाचे नियम वाचून मला धक्काच बसला. कोणत्या दिशेने चाललात, किती दिवसांत, सलग की तुकड्यातुकड्यांनी, पाठीवर ओझे होते की नव्हते, यांतले काही कोणी विचारात घेत नाही. पूर, वणवा अशा संकटात वाट बंद असेल तर नेमून दिलेल्या दुसऱ्या वाटेने गेलेलेही चालते. बाकी अर्ज करणाऱ्याने सगळी वाट चालण्याचा प्रामाणिक प्रयत्न केलेला आहे, असे संस्था गृहीत धरते. गृहीत! हा शब्द मी आयुष्यात कोणाच्या वहीत चालू दिला नव्हता.

गंमत अशी, की सगळी वाट चालल्याचा मान ज्याला पहिल्याने मिळाला तो मायरन एव्हरी ती एका दमात चाललाच नव्हता. वाट बांधणाऱ्यांचा तो म्होरक्या; कुठे सुट्टीत, कुठे कामाच्या निमित्ताने, तुकड्यातुकड्यांनी त्याने १९३६ पर्यंत ती पुरी केली. आणि चालताना तो हातात दांडी धरून मोजणीचे चाक पुढे ढकलीत असे. चाकाला प्रामाणिकपणा शिकवावा लागत नाही. चाक गेले आणि माणसाचा शब्द उरला, तिथून सगळा घोळ सुरू झाला.

अर्ल शेफर हा महायुद्धावरून परतलेला तरुण १९४८ च्या ४ एप्रिलला जॉर्जियाहून निघाला तो ५ ऑगस्टला कटाडिनवर पोचला. ज्या मित्राबरोबर ही वाट चालायचे ठरले होते तो इवो जिमाच्या लढाईत पडला होता. शेफर एकटाच गेला. एका दमात सगळी वाट चालल्याचे सांगणारा तो पहिला माणूस. संस्थेच्या लोकांना आरंभी ते खरे वाटेना. त्याने रोजनिशी दाखवली, छायाचित्रे दाखवली, तेव्हा त्यांनी मान डोलावली. पुढे साठ वर्षे कोणी काही बोलले नाही. शेफर २००२ साली वारला. त्यानंतर, २०११ च्या सुमारास, वेस्ट व्हर्जिनियातल्या एका वकिलाने ती रोजनिशी ओळ न् ओळ तपासली आणि निष्कर्ष काढला, की या गृहस्थाने सुमारे १७० मैल गाळले आहेत आणि काही ठिकाणी तो मोटारीतही बसला आहे. बरीच चर्चा झाली. संस्थेने शेफरचे नाव काढले नाही.

मी त्या वकिलाला नावे ठेवणार नाही. त्याने केले ते काम मी जन्मभर केले. परंतु हे प्रकरण वाचताना माझे मन एका बारीक गोष्टीपाशी अडले. शेफरविरुद्धचा पुरावा शेफरच्याच हस्ताक्षरात होता. युद्धाच्या वर्षांत वाटेची निगा राहिली नव्हती, खुणा पुसल्या होत्या, झाडे आडवी पडली होती. जिथे वाट सापडेना तिथे तो रस्त्याने गेला, आणि गेला ते त्याने लिहून ठेवले. ती वही त्याने जाळली नाही. आज ती अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याने जगाला सांगितलेली बेरीज कदाचित चुकीची असेल, पण रोजकीर्द खरी होती. माझ्या अनुभवात याच्या उलटच फार आढळते: बेरीज अगदी चोख आणि रोजकीर्द सगळी बनावट. हा शेफर पुढे १९६५ साली उलट दिशेने आणि १९९८ साली, ऐंशीला काही दिवस कमी असताना, ऑक्टोबरच्या थंडीत, पुन्हा ती वाट चालला. कशासाठी, ते त्याला ठाऊक.

आणि एमा गेटवुड या आजीबाईंना तर असले प्रश्न कोणी विचारलेच नाहीत. ओहायोच्या एका शेतकरी कुटुंबातली ही बाई, अकरा मुलांची आई. १९५४ साली ती मेनच्या बाजूने निघाली, रानात वाट चुकली, घरी परतली. पुढच्या वर्षी दुसऱ्या टोकाकडून निघाली. वय सदुसष्ट. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पायांत कापडी बूट. मुलांना एवढेच सांगितले, की जरा चालायला जाते. २५ सप्टेंबर १९५५ रोजी ती कटाडिनच्या माथ्यावर उभी राहिली. एकटीने सगळी वाट एका दमात चालणारी ती पहिली स्त्री. नवऱ्याच्या हातचा मार तिने वर्षानुवर्षे सोसला होता, हे तिच्या चरित्रातून जगाला कळले ते फार उशिरा. ही गोष्ट वाचली तेव्हा मला वाटले, की अपुरी राहिलेली वाट दुसऱ्या वर्षी पुन्हा पहिल्या पावलापासून चालायला घेणाऱ्या त्या बाईला प्रमाणपत्राचे काय होते? आयुष्यात एक तरी गोष्ट अथपासून इतिपर्यंत आपली स्वतःची असावी, त्यात कोणाचा वाटा नको, एवढेच तिचे मागणे असेल. 'पूर्ण' या शब्दाची भूक कशाकशातून लागते, ते बाहेरच्या माणसाला सांगता यायचे नाही.

आता माझ्या भाचीकडे वळतो. मुलगी एकतीस वर्षांची, बॉस्टनला नोकरी करते. २०२४ च्या मार्चात तिने बिनपगारी रजा घेतली आणि जॉर्जियात जाऊन चालायला लागली. तिची आई म्हणजे माझी धाकटी बहीण नाशिकला रोज रात्री देवापुढे दिवा लावून बसे आणि मला फोन करी, "दादा, या मुलीला काय कमी आहे, की ती अशी वणवण करते आहे?" मी त्या वर्षी मुलाकडे तिकडेच गेलो होतो. सप्टेंबरअखेर भाची मेनमध्ये पोचली तेव्हा तिने कळवले, "मामा, चार दिवस माझ्याबरोबर ये. तुला झेपेल असा तुकडा आहे." सहासष्टाव्या वर्षी कोणी 'तुला झेपेल' म्हटले की मनुष्य पेटतो. मी गेलो.

केनेबेक नदीपासून मॉन्सन गावापर्यंतचे ते छत्तीस-सदतीस मैल. पहिल्याच दिवशी नदी लागली. रुंद, काळसर, वरून शांत. वरच्या अंगाला धरण आहे आणि पाणी केव्हा सुटेल याचा नेम नसतो. पूर्वी लोक पायी उतरत, १९८५ साली एक चालणारी बाई बुडाली, आणि तेव्हापासून तिथे होडीची सोय आहे. होडीत बसलो आणि पायांपाशी पाहिले तो काय, होडीच्या तळावर पांढरी पट्टी रंगवलेली! म्हणजे होडी ही पिवळी खूण नव्हे. होडी हीच वाट. त्या शंभर-दीडशे पावलांपुरते, जो चालत नाही तोच वाटेवरून जातो आणि जो हट्टाने पाण्यातून चालेल तो वाट सोडतो. नर्मदेच्या परिक्रमेत याच्या अगदी उलट आहे. तिथे नदी उजव्या हाताला ठेवायची आणि पैलतीराला जायचे नाही. पात्र ओलांडले की परिक्रमा खंडित. नियम कुठले का असेनात, ते माणसानेच केलेले असतात. आणि पाळणाऱ्याला ते पाण्याइतके खरे असतात.

पलीकडे रान सुरू झाले. शरदातले ते रान मी काय वर्णन करू! साखर-मेपल पेटल्यासारखे लाल-केशरी, भूर्जाची पिवळीधमक पाने, बीचचा तांब्याचा रंग, आणि मधून मधून या सगळ्या उधळपट्टीकडे पाठ फिरवून उभे असलेले काळेहिरवे देवदारवर्गी वृक्ष. पानातले हिरवे द्रव्य विरून गेले की मुळातच असलेला पिवळा वर दिसू लागतो. लाल मात्र झाड जाता जाता नव्याने तयार करते. डोळ्यांना सुख, पायांना शिक्षा. गळलेल्या पानांखाली मुळे, दगड, डबकी सगळे सारखेच दिसते. पायवाट अशी उरतच नाही. सगळे रान म्हणजेच वाट किंवा कुठेच वाट नाही. अशा वेळी त्या पांढऱ्या पट्टीची खरी किंमत कळते. पुढची दिसेपर्यंत मागची सोडू नये, असे भाचीने मला बजावले होते.

तिसऱ्या रात्री, तीन भिंतींच्या एका लाकडी निवाऱ्यात, चहाचे पाणी उकळायची वाट पाहताना तिने ती गोष्ट काढली. मे महिन्यात व्हर्जिनियाच्या दक्षिण टोकाला, डमॅस्कस गावाच्या आसपास, तिला पोटाचा विकार झाला. उलट्यांनी अंगात त्राण उरले नाही. रस्त्यापर्यंत कशीबशी पोचली. तिथे एका म्हाताऱ्या जोडप्याने तिला मोटारीत घालून घरी नेले, तीन दिवस पेज पाजली. बरी झाल्यावर त्यांनी तिला पुढच्या रस्त्यावर सोडले, कारण तिच्याबरोबरच्या दोन मुली तिथे पोचल्या होत्या आणि एकटीने जायला घरचे नको म्हणत होते. या दोन रस्त्यांच्या मधले अकरा मैल राहिले.

"मामा, तू तपासनीस ना? सांग, मी सगळी वाट चालले असे म्हणू का?"

मी माझ्या धंद्याचे उत्तर दिले. "अगं, बावीसशेत अकरा म्हणजे शेकडा अर्धा. एवढ्या फरकाला आम्ही किरकोळ म्हणून सोडतो."

"का सोडता?"

"कारण वही वाचणाऱ्याचा निर्णय त्याने बदलत नाही."

"इथे वही वाचणारं कोण आहे?"

चहाचे पाणी उकळले. तिने त्यात पुडी टाकली आणि माझ्याकडे पाहिले नाही. मला माझी आजी आठवली.

आमच्या कोकणातल्या घरी आजी एका चातुर्मासात लाखवाती करीत होती. शंभर वातींची जुडी झाली की डब्यात एक चिंचोका टाकायचा, असे हजार चिंचोके. श्रावणात कौल गळले आणि एका डब्यात पाणी शिरले. साठ जुड्या पिवळ्या पडल्या, कुबट झाल्या. तूप लावल्यावर काय कळणार होते? पण आजीने साठ चिंचोके डब्यातून काढले आणि पुन्हा सहा हजार वाती वळायला बसली. त्याच सुमारास शेजारच्या काकू रडत आल्या. त्यांनीही लाखवाती धरल्या होत्या, पण डोळ्यांना दिसेनासे झाले होते; ऐंशी हजारांवर हात थांबला. आजी त्यांना म्हणाली, "अगो, देव काय मोजायला बसलाय? झाल्या तुझ्या लाख." काकू डोळे पुसून गेल्या. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. मला हा सरळ सरळ अन्याय वाटला. मी विचारले, "मग तू कशाला परत वळतेस?" आजी मान वर न करता म्हणाली, "माझ्या मला मोजता येतात."

हे मी भाचीला सांगितले. सांगायला नको होते की काय, कोण जाणे, कारण ते ऐकून ती इतकेच म्हणाली, "बघ ना." आणि विषय संपला.

माझ्या मनात मात्र तो संपला नाही. त्या वाटेवर दोन जातींची माणसे भेटतात. एक कट्टर, हे मुक्कामाला निळ्या वाटेने गेले तर सकाळी बरोबर ज्या ठिकाणी पांढरी खूण सोडली त्याच ठिकाणी परत येऊन पुढे चालू लागतात. दुसरे मोकळे, यांचे सूत्र, ज्याने त्याने आपापली वाट चालावी. कट्टर माणूस मोकळ्याला लबाड समजतो आणि मोकळा कट्टराला वेडा. मला दोघांचीही बाजू कळते, पण दोघांतही एकेक खोट दिसते. कट्टराचा हिशेब स्वतःपुरता राहत नाही. तो निवाऱ्यातल्या वहीत दुसऱ्यांच्या नावाने टोमणे लिहितो. आणि मोकळा 'आपापली वाट' म्हणतो खरा, पण अर्ज मात्र सगळ्यांच्या सामाईक वाटेच्या नावाने भरतो. वाट कशीही चालायला तू मुखत्यार आहेस बाबा. पण 'सगळी' हा शब्द तुझ्या एकट्याच्या मालकीचा नाही. ज्या यादीला तपासनीस नाही, ती प्रत्येकाच्या शब्दावर उभी असते. तिच्यात एक खोटे नाव शिरले तर संस्थेचे काही जात नाही. जाते ते, अंगात ताप असताना पावसात शेवटचे तीन मैल ओढत गेलेल्या कुणा अनोळखी माणसाचे.

मग भाचीने काय करावे? खरे पाहता तिच्यापुढे अगदी सोपा मार्ग होता. 'अकरा मैल सोडून सगळी वाट चालले' हे वाक्य खरे आहे, ताठ मानेने उच्चारण्यासारखे आहे. शब्द पुरा ठेवायला वाट पुरी व्हावीच लागते असे नाही. आपल्याकडे पूजेच्या शेवटी, मंत्रात, क्रियेत जे उणे राहिले असेल ते पुरे मानून घे, अशी प्रार्थना करून मोकळे होतात. नर्मदेकाठच्या जुन्या वाटा सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेल्या; परिक्रमावासी वळसा घालून जातात आणि त्यांची परिक्रमा मोडली असे कोणी मानत नाही. हे शहाणपण आहे आणि मला ते प्रिय आहे. पण क्षमा मागणाऱ्याने आधी उणे किती ते मोजलेले असावे, एवढी माझी अट आहे. न मोजता मागितलेली क्षमा म्हणजे पावतीशिवाय टाकलेला खर्च.

आणि तरीही मला कळत होते, की तिला वाक्य नको होते, ते अकरा मैलच हवे होते. ती भूक होती. भुकेल्याला युक्तिवाद वाढून भागत नाही.

चौथ्या दिवशी आम्ही मॉन्सनला उतरलो आणि फोनला आवाज आला. सप्टेंबरच्या २६ तारखेच्या रात्री हेलीन वादळ दक्षिणेत किनाऱ्याला लागले होते आणि तिथून आत शिरून डोंगरात कोसळले होते. दोनशेहून अधिक माणसे गेली. अर्विन गावाजवळ नोलिचकी नदीवरचा जो पूल चालणारे ओलांडीत, तो वाहून गेला. डमॅस्कसमध्ये पाणी घुसले होते. चारशेहून अधिक मैलांची वाट बंद झाली. संस्थेने सर्वांना त्या बाजूला फिरकू नका म्हणून विनवले. ज्या म्हाताऱ्या जोडप्याने भाचीला पेज पाजली होती त्यांच्या घरात कमरेएवढा चिखल होता. माणसे सुखरूप होती. मेनहून दक्षिणेकडे निघालेले काही चालणारे तेव्हा व्हर्जिनियात पोचले होते. त्यांच्या पायांखालची वाटच नाहीशी झाली.

भाची दुकानाच्या पायरीवर बसून फोनकडे बघत होती. म्हणाली, "मामा, आपण काल रात्री कशावर बोलत होतो!"

तिचा सूर मला कळला. पण मला तो मान्य नाही. मोठे दुःख समोर आले की लहान सचोटी हास्यास्पद वाटू लागते, हे खरे. मी पूरग्रस्तांच्या मदतीच्या वह्या तपासल्या आहेत. गव्हाचे पोते न् पोते जागच्या जागी पोचते ते कोणाच्या हातून? जो एरवी टपालाच्या तिकिटाचा हिशेब ठेवतो त्याच्या हातून. 'इथे माणसे मरत आहेत आणि तुम्ही पावत्या कसल्या मागता,' असे जो ओरडतो त्याच्या कोठारात हटकून दहा पोती कमी भरतात. असो. त्या वेळी मी हे बोललो नाही. तिच्या शेजारी बसून राहिलो.

ती पुढे गेली. ऑक्टोबरच्या ९ तारखेला कटाडिनवर पोचली. तिथल्या लाकडी पाटीला मिठी मारलेले छायाचित्र तिने पाठवले. पाने गळून गेली होती, माथ्यावर बर्फ भुरभुरले होते. नाशिकला पेढे वाटले गेले. संस्थेकडे अर्ज गेला नाही.

२०२५ च्या वसंतापर्यंत वाटेचा बहुतेक भाग पुन्हा खुला झाला. मे महिन्यात भाचीने एक आठवड्याची रजा काढली आणि व्हर्जिनियात जाऊन पडलेली झाडे हटवणाऱ्या स्वयंसेवकांच्या तुकडीत नाव घातले. मुक्काम त्या म्हाताऱ्यांच्याच घरी. योगायोग म्हणा किंवा तिने मागून घेतले म्हणा, काम मिळाले ते तिच्या अकरा मैलांतच. परतल्यावर तिचा मला पुण्याला फोन आला.

"किती झालं?" मी विचारले.

"सात दिवसांत दीड मैल मोकळा केला, मामा. पण त्या दीड मैलावर मी रोज चार-चार खेपा केल्या, ओंडके ओढत. ते कसे धरायचे?"

"आणि उरलेले साडेनऊ?"

"त्यांतले थोडे आता दुसरीकडून वळवलेत. जुनी वाट दरडीबरोबर खाली गेली. चालायचं ते जुनं की नवं?"

मी म्हटले, विचार करून सांगतो. मेपासून आजपर्यंत तीनदा तिने फोनवर आठवण केली. अर्ज तिच्या टेबलाच्या खणात आहे, आणि माझे उत्तर अजून गेलेले नाही.